आर्स्लान की देमीर? तुर्की नाव शोधणाऱ्या मराठी घरासाठी

आर्स्लान की देमीर असा पेच पडलेली मराठी घरं मोजकीच असणार. पण आहेत. इस्तंबूल, अंकारा, बर्लिनमध्ये तुर्की जोडीदाराबरोबर संसार थाटलेले आपले लोक आहेत, आणि बिश्केक-अल्माटीला डॉक्टरकी शिकायला जाऊन तिथलेच सासू-सासरे मिळवलेलेही आहेत. अशा घरात मुलगा येणार असला की नावाचा वाद बाळाच्या आधी जन्माला येतो. त्यातून इकडे तुर्कस्तानात सोनोग्राफीच्या खोलीतच मुलगा की मुलगी ते सांगून टाकतात, म्हणजे वादाला महिनोन्‌महिने मोकळं रान.

आम्ही दोघांनी एक गोष्ट आधीच ठरवली होती. दोन्ही घरच्या देवाधर्माला यात ओढायचं नाही. म्हणजे यूसुफ, ओमेर, मुस्तफा नको आणि गणेश, श्रीपाद, विठ्ठलही नको. मग उरतात ती जुनी, अस्सल तुर्की नावं. चाळता चाळता हातात दोन राहिली: आर्स्लान म्हणजे सिंह, देमीर म्हणजे लोखंड. शुभांक, रास, स्वभाव वगैरे तुम्ही केव्हाच पाहून झाला असाल, ते इथे उगाळत नाही. आम्ही यातलं एक ठेवलं. कोणतं ते पहिल्याच फटक्यात सांगितलं तर पुढचं कोणी मोकळ्या मनानं वाचणार नाही. तसा मीही पूर्ण निष्पक्ष नाहीच.

आर्स्लानची बाजू आधी मांडतो, कारण कागदावर ती भारी आहे.

मध्य आशियातल्या तुर्की राजांना जनावरांची नावं पदवी म्हणून लावायची जुनी चाल होती. काराखानी घराण्यात एक खान ‘आर्स्लान’ म्हणवून घ्यायचा तर दुसरा ‘बुग्रा’, म्हणजे नर उंट. (हसू नका, बुग्रा नावाची मुलं आजही इथल्या शाळांमध्ये भेटतात.) पुढे सेल्जुक हे तुर्की राजघराणं आलं. १०६३ ते १०७२ या काळात राज्य केलेल्या त्यांच्या सुलतानाचं मूळ नाव मुहम्मद; ‘आल्प आर्स्लान’, वीर सिंह, ही त्याची पदवी. २६ ऑगस्ट १०७१ रोजी मलाझगिर्तच्या लढाईत त्यानं बायझंटाइन सम्राट चौथा रोमानोस याला जिवंत पकडलं आणि अनातोलियाचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या आशियाई भागाचा, दरवाजा तुर्कांसाठी उघडला. पुढच्याच वर्षी आमू दर्याकडच्या मोहिमेत, पकडून समोर आणलेल्या एका किल्लेदारानं त्यालाच भोसकलं. नाव सुचवणारे नातेवाईक गोष्ट नेमकी या वाक्याच्या आधी थांबवतात.

मग कोन्या शहराचे सेल्जुक सुलतान. पहिला किलिच आर्स्लान, म्हणजे तलवार-सिंह, पहिल्या क्रुसेडच्या फौजांशी झुंजला आणि ११०७ मध्ये खाबूर नदीत बुडून गेला. दुसऱ्या किलिच आर्स्लाननं ११७६ मध्ये मिर्योकेफालोनला बायझंटाइनांना असं झोडपलं की अनातोलिया परत मिळवण्याची त्यांची उमेद संपली. त्याची कबर कोन्यात अलाएद्दीन मशिदीच्या आवारात आहे. माझ्या सासूबाई कोन्याच्या. त्यांचं मत कुठे पडलं असेल ते वेगळं सांगायला नको.

या नावाचा पसाराही मोठा. कझाकांकडे ते आरिस्तान होतं, कॉकेशसमध्ये अस्लान, रशियनमध्ये रुस्लान, आणि हंगेरियन भाषेत तर सिंहालाच ओरोस्लान म्हणतात, हाच शब्द उचलून. आपल्याकडे फारसी-उर्दूच्या वाटेनं आलेलं अर्सलान आहेच. थोडक्यात, हे नाव घेऊन मुलगा बुडापेस्टपासून भायखळ्यापर्यंत कुठेही गेला तरी कोणीतरी ओळखीचं हसेल. कोलकात्याकडचा माझा एक सहकारी मात्र नाव ऐकताच बिर्याणीकडे वळला. तिकडे त्या नावाचं हॉटेल प्रसिद्ध आहे.

आता लोकप्रियतेचं. नुसतं आर्स्लान हे सध्याच्या तुर्कस्तानात जरा काका-मामांच्या पिढीचं नाव वाटतं. पाळण्यात हल्ली दिसतो तो आल्पार्स्लान. तुर्कीची सांख्यिकी संस्था दरवर्षी नवजात बाळांच्या नावांची यादी काढते, त्यात गेली काही वर्षं आल्पार्स्लान अगदी वरच्या नावांमध्ये आहे. गोक्तुग, मेतेहान ही त्याची भावंडं. मलाझगिर्तचा वार्षिक सोहळा आता थेट राष्ट्राध्यक्षांच्या हजेरीत होतो, टीव्हीवर सेल्जुक-उस्मानी (ऑटोमन) मालिकांचा रतीब चालू आहे, त्यामुळे ही लाट समजण्यासारखी आहे. फक्त एवढं लक्षात असू द्या की ‘आल्पार्स्लान’ला एक राजकीय छटाही आहे. १९६९ मध्ये राष्ट्रवादी चळवळ पक्षाला ते नाव आणि रूप देणारे आल्पार्स्लान तुर्केश आठवतात, निदान एका विशिष्ट वयाच्या माणसांना. कोणाला ती छटा आवडेल, कोणाला नाही. आम्ही आल्प गाळून नुसत्या आर्स्लानवर आलो ते यामुळेच.

देमीरकडे असा सुलतान नाही. हीच त्याची उणीव, आणि माझ्या मते हेच त्याचं बळ.

सहाव्या शतकात गोकतुर्क लोक अल्ताई डोंगरांत जुआन-जुआन सत्तेचे मांडलिक होते आणि त्यांच्यासाठी लोखंड घडवायचे. त्यांच्या प्रमुखानं, बुमीननं, त्या राजाकडे मुलीचा हात मागितला तेव्हा उत्तर आलं की तू तर माझा लोहार-गुलाम, तुझी ही हिंमत कशी झाली. बुमीननं बंड केलं आणि ५५२ मध्ये स्वतःची खानशाही उभी केली. ही हकिगत चिनी इतिहासांनी नोंदवून ठेवली आहे. लोहाराच्या अपमानातून राज्य उभं राहिलं, ही गोष्ट कोणत्याही सुलतानाच्या विजयापेक्षा मला जास्त भावते, पण ती माझी आवड. मंगोलियात ओरखोनच्या खोऱ्यात ७३२ सालचा शिलालेख आहे, त्यात ‘तेमिर कापिग’ म्हणजे लोखंडी दरवाजा येतो. समरकंद आणि बल्ख यांच्यामधल्या एका खिंडीचं ते नाव. म्हणजे शब्द तेराशे वर्षांचा, आणि अजून रोजच्या वापरात. इकडे रेल्वेला देमिरयोलू म्हणतात, लोखंडी रस्ता.

एर्गेनेकोनची दंतकथा तुम्ही ऐकली असेल. डोंगरांनी कोंडलेल्या खोऱ्यातून बाहेर पडायला एक लोहार लोखंडाचा डोंगरच वितळवतो. म्हणून २१ मार्चला नेवरूझच्या, म्हणजे वसंताच्या सणाच्या, सरकारी कार्यक्रमात मंत्री, राज्यपाल, झाडून सगळे ऐरणीवर तापलेल्या लोखंडाला हातोडा मारताना दिसतात. सुटाबुटातले साहेब, शिपायानं धरलेला सांडशीतला लाल तुकडा, आणि पहिला घाव हमखास हुकणारा. टीव्हीवर दरवर्षी बघण्यासारखी चीज आहे.

लोखंडाचं नाव मुलाला का देतात, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. आपल्याकडे आधीची मुलं जगली नाहीत की पुढच्याला दगडू, धोंडू, भिकाजी म्हणत. तुर्कांकडे हुबेहूब तीच रीत: दुर्सुन म्हणजे राहू दे, दुर्मुश म्हणजे राहिला, यशार म्हणजे जगतो, सातिल्मिश म्हणजे विकलेला. तेमिर, बोलात, ताश म्हणजे लोखंड, पोलाद, दगड, ही नावंही मूल टणक निघावं म्हणून. (बोलात किंवा पोलात म्हणजे आपलं पोलादच, दोघांनीही फारसीतून उचललेलं.) माझ्या आजोबांच्या एका भावाचं नाव धोंडीराम होतं. तेव्हा देमीर हे नाव आमच्या घरात म्हटलं तर नवं, म्हटलं तर जुनंच.

आडनाव म्हणून देमीर इतकं पसरलं आहे की काही विचारू नका. १९३४ मध्ये आडनावाचा कायदा आला तेव्हा हजारो घरांनी हे घेतलं, आणि आज ते तुर्कस्तानातल्या पहिल्या पाच आडनावांत आहे. त्याची जोडनावंही भरपूर. सुलेमान देमिरेल तुम्हाला आठवत असतील, सात वेळा पंतप्रधान आणि नंतर राष्ट्राध्यक्ष. नुरी देमिराग हे त्याहून मजेशीर. हे रेल्वेमार्ग बांधणारे कंत्राटदार, देशभर रूळ टाकले म्हणून अतातुर्कनं त्यांना ‘लोखंडी जाळं’ असं आडनाव दिलं. पुढे त्यांनी विमानांचा कारखानाही काढला. पहिलं नाव म्हणून मात्र देमीर गेल्या वीसेक वर्षांत पुन्हा वर आलं, शहरी, शिकलेल्या घरांमध्ये जास्त. कुझेय, पोयराझ, देनिझ अशा सुटसुटीत निसर्गनावांच्या रांगेत ते बसतं. आल्पार्स्लानच्या मानानं कमीच, आणि आम्हाला तेच हवं होतं.

आता तो अवघड प्रश्न, जो पुण्या-कोल्हापुरात कोणीतरी विचारणारच. देमीर म्हणजे तैमूरच ना?

हो. शब्द एकच. चगताई तुर्कीत तेमूर, कझाक-किर्गिझमध्ये तेमिर, ताताऱ्यांत तिमेर, अनातोलियात देमीर. तैमूर हा समरकंदवाला, १३३६ च्या सुमारास केश गावाजवळ जन्मलेला, १३९८ मध्ये दिल्ली लुटून कत्तल करणारा. २०१६ मध्ये हिंदी सिनेमातल्या एका जोडप्यानं मुलाचं नाव ते ठेवलं तेव्हा किती गदारोळ उठला ते आपण सगळ्यांनी पाहिलं. तुम्हाला वाटेल तुर्कस्तानात तरी तो हिरो असेल. तसंही सरळ नाही. १४०२ मध्ये अंकाऱ्याच्या लढाईत त्यानं उस्मानी सुलतान यिल्दिरिम बायझीदला कैद केलं, आणि तो कैदेतच मेला. त्यामुळे इथे तिमुर नाव ठेवतात जरूर, पण इतिहासाची आवड असलेला एखादा आजोबा भुवई उंचावतोच. उझबेकिस्तानात मात्र १९९१ नंतर तो राष्ट्रपुरुष झाला. ताश्कंदच्या चौकात एकेकाळी कार्ल मार्क्सचा पुतळा होता, तिथे आता तैमूर घोड्यावर बसला आहे. सोव्हिएत काळात हे नाव फोफावलं ते वेगळ्याच कारणानं. १९४० मध्ये आर्कादी गैदार यांची ‘तिमूर आणि त्याची टोळी’ ही बालकादंबरी आली, म्हाताऱ्याकोताऱ्यांना गुपचूप मदत करणाऱ्या मुलाची. तिच्यामुळे रशियन घरांतही तिमूर जन्मले.

या लंगड्या तैमूरबद्दल एकच गोष्ट मला मनापासून आवडते. चंगेजखानाच्या वंशातली बायको केल्यामुळे तो जन्मभर ‘गुरेगेन’ हे बिरुद मिरवत राहिला. गुरेगेन म्हणजे जावई. दिल्लीचे मुघलही स्वतःला गुरकानी म्हणवत ते यावरूनच. जावईपणाच्या जोरावर साम्राज्य चालवणारा दुसरा कोणी मला ठाऊक नाही, आणि सासुरवाडीत राहणाऱ्या माणसाला त्याचं कौतुक वाटणारच. पण म्हणून मुलाचं नाव तैमूर ठेवायचं नाही. देमीर हा त्या तैमूरचा दिल्लीला न गेलेला भाऊ आहे. रूप वेगळं, उच्चार वेगळा, आणि ओझं नाही. कोणी खोलात शिरून शब्दाचं मूळ काढलंच तर त्याला चहा पाजावा.

आता रोजच्या वापराकडे येतो. नाव हे शेवटी दिवसातून पन्नासदा हाका मारायचं साधन.

आम्ही राहतो इस्तंबूलच्या कादिकोय भागात. तिथल्या बागेत घसरगुंडीपाशी उभं राहून ‘आस्लान’ अशी हाक मारून पाहा. निम्मी पोरं वळतात. त्यांचं नाव आस्लान असतं म्हणून नव्हे, तर प्रत्येक तुर्की बाप, काका, न्हावी, भाजीवाला समोरच्या मुलाला ‘आस्लानिम’ म्हणतो, माझ्या सिंहा. आपल्याकडे वाघ म्हणतात तसं. या देशात जन्मलेला प्रत्येक मुलगा पाचव्या वर्षापर्यंत फुकट सिंह असतो. ज्याचं नावच सिंह, त्याच्या वाट्याला वेगळं काही उरत नाही. शिवाय राकी या दारूला इथे सिंहाचं दूध म्हणतात, तेव्हा कॉलेजात काय होणार ते उघड आहे. आणि ‘आस्लान यात्तीइ येर्देन बेल्ली ओलुर’ अशी म्हण आहे: सिंह कसा ते त्याच्या निजण्याच्या जागेवरून कळतं. पसरलेलं अंथरूण बघून प्रत्येक आई ती म्हणते, आणि नाव तेच असेल तर बिचारा सुटत नाही.

देमीरचीही थट्टा होते, नाही असं नाही. कचेरीतल्या टेबल-खुर्च्या-कपाटांना, यादीत नंबर टाकून ठेवलेल्या सामानाला, देमिरबाश म्हणतात. स्वीडनचा राजा बारावा कार्ल १७०९ मध्ये रशियाकडून हरून उस्मानी मुलखात आला आणि सरकारी खर्चानं पाच वर्षं ठाण मांडून बसला. तुर्की इतिहासात त्याचं नाव पडलं देमिरबाश शार्ल. सोफ्यावरून न उठणाऱ्या मुलाला हे ऐकावं लागतं. बायकोची मावशी लाडानं ‘देमिरजीइम’ म्हणते, त्यात देमिरजी म्हणजे लोहार ऐकू येतो. मला ते गोड वाटतं. मराठी तोंडी देमीर समीरच्या चालीवर सहज बसतो, फार तर कोणी डेमीर म्हणतं. आणि आपल्याकडे नाव खरं पारखायचं असेल तर त्याला ‘या’ लावून बघावं: देम्या चालतो, गल्लीत क्रिकेट खेळू शकतो. अर्स्या मात्र कानाला बरा वाटत नाही. हे माझं वैयक्तिक मत, कोणी अर्स्या असेल तर माफी असावी.

इथपर्यंत दोन्ही नावं तुल्यबळ म्हणता येतील. मला जे नडलं ते एकच अक्षर.

तुर्कीत सिंहाला आर्स्लानही म्हणतात आणि अस्लानही. दोन्ही शुद्ध, दोन्ही रूढ, नाव म्हणूनही आणि आडनाव म्हणूनही. बोलताना बहुतेक सगळे ‘र’ गिळतात, लिहिताना कोण गिळेल याचा नेम नाही. माझ्या मेहुण्याचं, म्हणजे बायकोच्या थोरल्या भावाचं नाव आर्स्लान. त्याच्या आजोबांनी हट्टानं र घालून ठेवलेलं, कोन्याच्या सुलतानांसारखं. घरात एकही माणूस त्याला र लावून हाक मारत नाही.

त्याच्याबरोबर मी एकदा बँकेत गेलो होतो. काउंटरवरच्या मुलीनं नाव विचारलं, टाइप केलं, पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाली, अशी नोंद नाही. मेहुणा मोबाइलमध्ये काहीतरी बघत होता. मान वर न करता म्हणाला, ‘रे’ली.’ म्हणजे र-वाला. तिनं परत टाइप केलं, नोंद सापडली, काम झालं. दोघांपैकी कोणालाच यात काही विशेष वाटलं नाही. मला वाटलं. तो माणूस पन्नाशीला आला आहे आणि हे उत्तर त्याच्या तोंडातून जांभईसारखं आपोआप निघतं. ‘रे’ली मी, रे’सिझ मी?’ र-वाला की बिन-र-चा? कुरियरवाला विचारतो, दवाखान्यात विचारतात, फोनवर विम्याची बाई विचारते. ओळखपत्रावर आर्स्लान, जमिनीच्या एका जुन्या कागदावर अस्लान, आणि ते दोघे एकच इसम आहेत हे सिद्ध करायला त्यानं घातलेले हेलपाटे हा त्याच्या घरी जेवणानंतरचा ठरलेला विषय. विमानाचं तिकीट कोणी दुसऱ्यानं काढलं की तो आधी र तपासतो, मग तारीख.

ज्यांना वाटतं की आल्प जोडलं की प्रश्न मिटतो, त्यांच्या माहितीसाठी: आल्पास्लान असंही लिहितात. तोही रूढ.

हे झालं तुर्कस्तानापुरतं. आमच्या लग्नाला मेहुणा कोल्हापूरला आला तेव्हा लॉजवर परदेशी पाहुण्यांचा फॉर्म भरताना पासपोर्ट समोर असूनही तो अर्सलान झाला, कारण लिहिणाऱ्याच्या कानाला तेच नाव माहीत. मांडवात तो दोन दिवस ‘अस्लमभाऊ’ होता. आमच्या आत्याबाई अजून विचारतात, अस्लम कसा आहे. तो हसतो, त्याला सवय आहे. पण मी हिशेब मांडला: माझ्या मुलाचे कागद दोन देशांत असणार. इकडचं जन्मनोंदणीचं कार्यालय, तिकडचा वाणिज्य दूतावास, भारतीय मूळ असलेल्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड, शाळा, पुढे कदाचित तिसरा देश. एका नावाची आर्स्लान, अस्लान, अर्सलान, अर्सलन अशी चार रूपं, आणि प्रत्येक खिडकीपाशी उभं राहून एक अक्षर सांभाळायचं. सिंहाचं नाव आणि काम कारकुनाचं. तिथे माझं मन उडालं.

देमीरचे कागद अगदीच बिनघोर आहेत असंही म्हणत नाही. लसीकरणाच्या वेळी इथल्या एका आरोग्य केंद्रात आमच्या लेकाचं देमीर हे आडनाव समजून आणि आमचं लांबलचक मराठी आडनाव पहिलं नाव समजून नोंद केली होती. नर्सनं बाहेर येऊन आडनावाची जी काही हाक मारली, ती आमच्या सात पिढ्यांनी ऐकली नसेल. पण ही चूक उलटसुलट झाली की लगेच डोळ्यांना दिसते आणि दुरुस्त होते. गिळलेला र दिसत नाही, तो वीस वर्षांनी जमिनीच्या कागदावर सापडतो. तुर्की मोठ्या लिपीत देमीरमधल्या इ-वर टिंब येतं, परदेशी कागदांवर ते गळतं, पण त्यावरून आजवर कोणी अडवलेलं नाही.

घरातली मतं मात्र सोपी नव्हती. आमचे बाबा आर्स्लानच्या बाजूचे. कुलदैवत नीरा-नरसिंहपूरचा नृसिंह, त्यामुळे सिंह म्हटल्यावर त्यांना पुढे काही ऐकायचंच नव्हतं. वर आमच्या भागात नावाला सिंह लावायची हौस पूर्वीपासून आहेच. सासूबाईंचं सांगितलंच. देमीरच्या बाजूनं आले सासरे, आणि त्यांचं कारण इतिहासाचं नव्हतं. ते पिढीजात फेनेरबाहचे या फुटबॉल क्लबचे, आणि सिंह हे प्रतिस्पर्धी गालातासाराय क्लबचं चिन्ह. नातवाचं नाव अस्लान ठेवून रविवारी मॅच कशी बघायची, असा त्यांचा सवाल. कोन्याच्या सगळ्या सुलतानांना तो भारी पडला.

माझी आई शेवटपर्यंत तटस्थ होती. तिला ‘ध्रुव’ हवं होतं, पण सासरच्यांच्या जिभेवर ते दुरुव होऊन बसायचं, म्हणून बाद झालं. मग बायकोनं तिला सांगितलं की तुर्कीत ध्रुवताऱ्याला देमिरकाझिक म्हणतात, लोखंडी खुंटा. कझाकांकडे तोच तेमिरकाझिक. सगळं आकाश ज्याभोवती फिरतं तो खुंटा, आकाशातली घोडी त्याला बांधलेली. आलादागलार डोंगररांगेत ३,७५६ मीटरचं त्याच नावाचं शिखरही आहे. आई एवढंच म्हणाली, मग ध्रुवच झालं की. बारशाला बहिणीनं कानात ‘कुर्र’ करून देमीर म्हटलं, पाठीत धपाटे खाल्ले. त्याआधी इकडे सासऱ्यांनी उजव्या कानात अजान देऊन तीनदा हेच नाव सांगितलं होतं. देव बाजूला ठेवायचे असं आम्ही ठरवलं होतं खरं, पण आजी-आजोबांपुढे कोणाचं चालतं.

तुमच्या घरी इतिहासाचं वेड असेल, गालातासारायचे लोक असतील आणि सगळे कागद एकाच देशात राहणार असतील, तर आर्स्लान रुबाबदार आहे, जरूर ठेवा. मेहुण्याला विचारलं तर तोही नाव बदलायला तयार नाही. फक्त र घालायचा की नाही ते आधी घरात पक्कं करा, नोंदणीच्या अर्जावर स्वतःच्या हातानं मोठ्या अक्षरांत लिहा, दाखला हातात पडला की खिडकीसमोरच उभं राहून वाचा, आणि भारतीय बाजूच्या अर्जात स-नंतर जादाचा अ कोणाला घालू देऊ नका.